भरली बंडी

अजून वाजव. वाजव ना! हात काढू नको त्या भोंग्यावरून – पाह्य, तो डाव्या अंगाचा बैल कसा थरथरून राह्यला, दिसते काय तुले? अजून एकडाव वाजवला का घेईन तो उडी त्या बोरीत, मंग तूच काढजो त्याले काट्यातून, त्या तुह्या पांढऱ्या पायजम्यानं. भोंगा नाही, मी इंजनाचं म्हनून राह्यली. इंजन बंद कर पह्यले. बंद. – हां. आता कसं, मानूस मानसाचं ऐकू शकते. होय रे राजा, होय, काही नाही, काही नाही… तुले नाही म्हनलं राजा, बैलाले म्हनलं.

काय म्हनतोस? मांगं घेऊ? मी? बैलबंडी मांगं? कुठचा हायस बे तू? जिंदगीत कधी बैल मांगं सरतांनी पाह्यला काय? त्याले पुढं जानं समजते, थांबनं समजते, बस. मांगं सारतो म्हनलं त बैल सोडा, जू खाली ठेवा, चार मानसं लावून बंडी उचला, फिरवा – अन् फिरवाची कुठं? इकडून बाभूळ, तिकडून बोर. हे पांधन हाय, मंगरूळचा बजार नाही. हासू नको. बाई बंडी हाकते म्हनून हासतोस ना? हास. सारं गाव हासून थकलं. आता कोनी हासत नाही, तू नवा हायस म्हनून तुले सूट. मी इथंच बसते धुऱ्यावर. मले घाई हाय, तुह्यापेक्षा जास्त घाई हाय, पन मी बसते. कोन उठते ते पाहू.

नाव काय तुहं? हेमसिंग. अच्छा. अन् आधी कुठं होता? जऊळक्याच्या टेसनावर, टरकवर. म्हनजे डांबरीवरचा मानूस. म्हनून तुले वाटलं का समोरचं बाजूले होते. डांबरीवर होत असन. इथं नाही होत. अन् मले मावशी नको म्हनू, मी तुही मावशी नाही. जगदेव पाटलाची जीप हाकतोस ना? जीप वळखते मी. डोळे बांधून बी वळखीन, वासावरून. त्या जीपीत बसनारा कोनीच माहा भाचा नाही.

जगदेवनं तुले पांधनीची रीत सांगतली नाही? नाही सांगतली. कशी सांगन, कोन्या तोंडानं सांगन! मंग माह्याकडून ऐक. हे पांधन कोन्या एकाचं नाही. याच्यातून बंड्या जातात, ढोरं जातात, बाया डोक्शावर कापसाचं गाठोडं नाहीत सरपनाचा भारा घेऊन येतात, पोरं शाळेले जातात, मयत बी याच्यातूनच जाते. बाहात्तरच्या दुष्काळात याच्यावर मुरूम पडला, तो कोनी टाकला? मी टाकला. माही ननंद बेबीताई, तिनं टाकला. घमेलं या डोक्शावर होतं – इथं पाह्य, इथं अजून केस येत नाहीत. पाटलाच्या घरच्या बी दोन सुना होत्या तवा मुरमावर, तोंड झाकून यायच्या, दुष्काळानं कोनालेच सोडलं नव्हतं. तवा हा रस्ता कोन्या बापाचा असन त त्या घमेल्याचा.

रीत अशी का भरल्या बंडीले वाट द्याची. रिकामी असन ते बाजूले होईन. डोक्शावर भारा असला त पाटील असो का पाटलाचा बाप, थांबाचं. मारोतराव पाटील, जगदेवचा बाप, त्याची दमनी होती – तुले काय मालूम, घुंगराची दमनी, पांढरेशुभ्र बैल – अन् मी नवी नवरी असतांनी ज्वारीचा भारा घेऊन येत होती, त तो बुढा दमनी काट्यात घालून उभा राह्यला. मी पाटलाले वाट द्याले वावरात घुसून राह्यली होती. तो वरडला, "ए पोरी, भारा तुह्या डोक्शावर हाय, माह्या नाही! चाल पुढं." आमच्या वस्तीतल्या बाईले, बरं का. वस्ती पाह्यली ना येतांनी – अरे, तू त आज पह्यल्यांदाच डांबरीकडून येऊन राह्यला, पाहाशीन. पांधनीच्या गावाकडच्या तोंडाले आमचेच घरं हायत, निळा झेंडा दिसन. लय चांगला होता मारोतराव असं म्हनत नाही मी. त्याचंबी होतं काहीबाही. पन वाटेवर तो सरळ होता.

मंग आली हे जीप. मिलटरीनं काढून टाकलेली, अकोल्याहून आनली जगदेवनं. खोटं कायले बोलू, आमी बी धावत गेलतो पाहाले. पोट्टे त लोंबकळले मागून. दोन-चार दिस त्यानं साऱ्याइले बसवून फिरवलं, आमच्या वस्तीतल्या पोट्ट्याइले बी. हासतमुख पोरगा होता – होता म्हनते मी. मंग त्याले चस्का लागला. सकाळी डांबरीवर, दुपारी डांबरीवर, चहा प्याले डांबरीवर. कुठं काही काम नाही, नुसता चालवाचा नाद. लवनाच्या खोलगट ओढ्यातून पानी उडवत जाचं, मोकळ्या चढावर जोर करून न्याची. अन् धूळ! तुले धूळ दिसत नाही, तू धुळीच्या पुढं असतोस. आमी मांगं असतो. आमच्या चुलीवर भाकर असते अन् भाकरीवर पांधन असते. बायाइले आडोशाले जानं मुश्कील झालं, कुठून येईन भरवसा नाही. गाई आटल्या म्हने कोनी, ते खरं का खोटं मले मालूम नाही. पन बाया भारा टाकून काट्यात पळत होत्या, हे मी पाह्यलं. मी बी पळाली हाय. आंगाले बोरीचे काटे अन् तो जीपीतून हात करते आपला, राम राम केल्यावानी!

उतर खाली, कायले बसला त्या उन्हात. मी काही तुले खात नाही. पन जीपीच्या सावलीत उभा राहा, बैलाजवळ येऊ नको. तो मारका नाही, त्याले जीपीतल्या मानसाचा वास पटत नाही.

माहा मानूस, माह्या पोरीचा, गंगूचा बाप – गाव त्यायले ग्यानबा म्हनते, तू बी म्हनजो – ते कापूस घेऊन चाल्ले होते मंगरूळले. दिवाळीच्या मांगंपुढं. बंडी काठोकाठ, वरून दाबून भरलेली. डाव्या अंगाले नवा गोऱ्हा जुपला होता, हाच, जो थरथरून राह्यला तो. तवा जगदेव मांगून आला. मांगून, समोरून नाही! भोंगा वाजवत. त्याच्या संगं पाहुणे होते, लग्नाचे, त्यायले डांबरीवर सोडाचं होतं, यष्टी चुकत होती म्हने. भरली बंडी पुढं हाय त मांगं राहा ना बाबा! चालीनं चाल! डांबरी काय पळून चालली काय! पन नाही. कडेनं घातली त्यानं जीप, वावराच्या बांधावरून, भोंगा दाबूनच. गोऱ्हा उधळला. चाक बांधावर चढलं अन् बंडी पालथी. सारा कापूस पांधनीत, अन् कापसाखाली बंडीचा धुरा, अन् धुऱ्याखाली गंगूच्या बापाचा पाय.

तो थांबला नाही. थांबला नाही जगदेव. म्हनते, मले दिसलं नाही, मांगं धूळ होती. खरं असन. खोटं बी असन. मी त्याच्या डोळ्यात बसली होती काय? बेबीताई वावरात होती, ते धावली, तिनं एकलीनं धुरा उचलला. त्या बाईच्या आंगात कुठून ताकद आली ते तिले बी मालूम नाही. पाय राह्यला, पन कामाचा नाही राह्यला. घुडग्यातून वाकडा. आता ते वट्ट्यावर बसून दोऱ्या वळतात अन् मले सांगतात कासरा कसा धराचा. त्यायले मी बंडीवर बसलेली पाहावत नाही. मी निघाली का ते तोंड भितीकडं करतात. अन् तू हासत होता.

हां, आता नाही हासत तू. बरं.

मंग गाव बसलं मारुतीच्या पाराजवळ. साऱ्या गावाले राग होता, ज्याच्या त्याच्या गाईचा, ज्याच्या त्याच्या भाकरीचा. बेबीताईनं उभं राहून इचारलं, "पाटील, भरल्या बंडीले वाट द्याची रीत हाय. मंग तुमच्या जीपीले भरली म्हनाची का रिकामी म्हनाची?" लोक हासले. जगदेव म्हने, तीन मानसं असले त भरलीच झाली ना. दुसरा म्हने, जीपीत त कायमच रिकामे मानसं बसतात. असा वाद! अर्धा पाहार त्याच्यावरच गेला. मारोतराव तवा थकला होता, खोकला थांबत नव्हता त्याचा. तो बसल्या जागून म्हने, "कायचा वाद करता? बैलाले मांगं सरता येत नाही. जीपीले येते. ज्याले मांगं सरता येते त्यानं सराव. बस." पोटच्या पोराकडं न पाहता बोल्ला. जगदेवनं मान खाली घातली अन् हो म्हनलं. अजून बी ठरलं – वस्तीजवळ मानसाच्या चालीनं चालवाची, बैल बिचकला त इंजन बंद कराचं, अन् पानी पडल्यावर पांधन वाळेलोग जीप आत घालाचीच नाही, डांबरीवर ठेवाची. काळी माती हाय, ओलीत एकडाव चाकोरी पडली का ते चाकोरी वाळून दगड होते, मंग बंडीचं चाक त्याच्यात जाते अन् आख मोडते. हे काही शिकवा लागत नाही कोनाले. तुले बी मालूम असन, का टेसनावर राहून इसरला?

त्यानं पाळलं बी. उन्हाळाभर पाळलं. मी समोरून आली का मांगं जाये, पार डांबरीलोग मांगं जाये. मान वाकडी करून, मांगं पाहत. मी त्याच्याकडं पाह्यलं नाही कधी. मंग मारोतराव मेला. मिरगाच्या तोंडावर मेला. अन् पावसाळा लागला, अन् जगदेवले कोन म्हननार नको म्हनून? जीप परत पांधनीत. घरी बसवत नाही म्हने. बाप मेला म्हनून मन लागत नाही म्हने. आपल्या मनासाठी साऱ्या गावाची वाट खोदून टाकली त्यानं, रोज जाचं, रोज याचं, चाकं गरागरा फिरवाचे चिखलात. लवनाजवळ त अशी चाकोरी, का त्याच्यात वासरू बसलं त दिसू नाही. पानी साचलेलं, लाल. गावातून एक बंडी निघाली नाही श्रावनभर.

काय? – काय म्हनला? रिकामी?

तू रीत शिकला वाटते लवकर. माही बंडी रिकामी हाय म्हनून मी बाजूले व्हावं, असं. वा रे वा डायवर! कापूस दिसत नाही, ज्वारी दिसत नाही, म्हनजे रिकामी! इकडं ये. ये, बैल काही करत नाही. त्या तट्ट्याच्या आत पाह्य. हळू. हळू, म्हनलं ना. – पाह्यलं? ते माही पोरगी हाय. गंगू. निजून नाही राह्यली, पडून हाय. खाली तनस टाकलं, त्याच्यावर तीन गोधड्या टाकल्या, अन् मी बैल असे आनले का आंगावरचं कपडं हालू नाही. सातवा हाय तिले. आता सांग, भरली का रिकामी?

तोंड मिट. मिट तोंड अन् मांगं हो.

मंगरूळले नेऊन राह्यली मी तिले, बेबीताईची पोरगी देली हाय तिथं, सरकारी दवाखान्याच्या मांगंच घर हाय त्यायचं. तिथंच ठेवतो आता, होईलोग. गावात नाही. या पांधनीच्या इकडं नाही. पावसाळा याच्या आधीच नेते. जावई म्हने, कायले एवढ्या लवकर? मी म्हनलं, तुमी चूप बसा.

नाही. नाही, नाही, नाही. जीपीत नाही! काय बोलून राह्यला तू? गादी हाय म्हनते, धक्का बसत नाही म्हनते, घटकाभरात पोचवतो म्हनते! तुले कोनी सांगतलं नाही ना काही? जगदेवनं नाही, गावानं बी नाही? त्याच गादीवर… पाह्य, मी चांगल्या बोलीनं बोलून राह्यली, मले बोलू देऊ नको आता. – गंगू, तू पडून राहा वं. डोळे मिट. पानी देऊ काय? – नको म्हनते. राहा मंग. आमचं होतेच आता, हा डायवर मांगं सरन अन् आपून जाऊ.

इकडं चाल जरा. बाभळीकडं. तिले ऐकू नाही गेलं पाहिजे.

त्याच पावसाळ्यात गंगू माहेरी होती, पह्यल्या खेपेले. दुपारची येळ. पोटात दुखाले लागलं. प्रयागबाई सुईन हाय आमच्या गावची, अर्धं गाव तिच्या हातावर झालं. तिनं पोट चाचपलं अन् तिचं तोंडच उतरलं. म्हने, पोर आडवं हाय, हे माह्या हातचं नाही, मंगरूळले न्या, आत्ताच्या आत्ता. बंडी जुपली. लवनालोग बी नाही गेली बंडी, आखापर्यंत चाक चाकोरीत. बैल गुडघ्यावर आले. मंग खाटेवर घेतली तिले, चौघांनी. चिखलात पायच सापडत नव्हता कोनाले, एकाचा पाय गेला चाकोरीत, खाट कलंडली. तिनं जो आवाज केला तो… ते जाऊ दे. परत आनली घरी. वावरातून न्याची म्हनलं त वावरं त्याहून बेकार, कमरेलोग काळी माती.

मंग एकच गोष्ट होती गावात जे त्या चिखलातून निघू शकत होती. कोनाचीच हिंमत होईना माह्यासमोर नाव घ्याची. गंगूचा बाप वट्ट्यावरून बोल्ला, "जाय." एवढंच. मी गेली. पाटलाच्या वाड्याच्या पायरीवर पाय ठेवला नव्हता मी कधी, ठेवला. तो जेवाले बसला होता. मी दारातच उभी राह्यली. त्यानं माह्याकडं पाह्यलं अन् उष्ट्या हातानं उठला. हात धुतला नाही. काय, कायले, काहीच इचारलं नाही. चाबी घेतली अन् धावला.

गंगूले त्या गादीवर टाकलं. डोकं माह्या मांडीवर. हळू चालवत होता, खोटं नाही बोलत. पुढं दोघं काठ्या टाकत, खोल पाहत चालले. अन् लवनाजवळ आला अन् जीप गेली. कशात गेली सांग. कोनाच्या चाकोरीत? कोनी खोदली होती ते? मालूम होतं त्याले. मालूम होतं म्हनून त्यानं इंजनावर जोर केला नाही, खाली उतरला अन् हातानं खांदाले लागला. फावडं आनलं कोनी, तरी हातानंच. नखं निघाले त्याचे. सारं गाव तिथं – बाभळीचे फाटे आनले, कुडाचं तट्टं आनलं, त्यानं आपला सदरा काढून चाकाखाली घातला, धोतर सोडून घातलं, चड्डीवर उभा पाटलाचा पोरगा, चिखलानं भरलेला, अन् रडून राह्यला. गंगू माह्या मांडीवर. ते आधी वरडत होती. मंग वरडनं थांबलं, अन् मले वाटलं थांबलं त बरं झालं. किती येळ लागला ते मले इचारू नको. पाऊस थांबून ऊन पडलं, एवढं ध्यानात हाय.

निघाली जीप. पोचली. डाक्टरीनबाई चांगली होती, धावत आली. गंगूले वाचवलं तिनं. पोरगं होतं. दिसाले चांगलं, भरलेलं, केस हे एवढाले. बाई म्हने, जराशा आधी आनलं असतं त. जराशा आधी. आता ते जरासं मी कोनाजवळून मागू?

सांग ना. तू त्याच्या घरचं खातोस, तू सांग. माह्या मानसाचा पाय नेला त्यानं, वाट नेली, नातू नेला. अन् पोरगी बी त्याच्याच जीपीनं वाचली. नसती जीप त दोघंबी गेले असते घरीच, प्रयागबाई म्हनते तसं. अन् नसती जीप त चाकोरीच नसती, बंडी नेली असती, दुपारीच पोचलो असतो! मी रोज हे असं फिरवते डोक्शात, बैलावानी, घान्याच्या. इकडून गेली तरी तिथंच, तिकडून गेली तरी तिथंच. त्याले शिव्या द्याले लागली का त्याचे नखं दिसतात मले. अन् नखं दिसले का मंग भितीकडं तोंड करून बसलेला गंगूचा बाप दिसते. तिरस्कार बी धड करता येत नाही त्या मानसाचा, एवढं बी ठेवलं नाही त्यानं माह्याजवळ.

गंगू दवाखान्यातच होती. लेकरू घेऊन मी एकटी परत. त्यानंच आनलं डांबरीलोग. पांधनीच्या तोंडाशी जीप थांबवली, बंद केली, अन् उतरला. म्हने, "काकू, आता आत नाही घालत." मी म्हनलं, मले काकू म्हनू नको. चालाले लागली. तो मांगं. मी म्हनलं, माह्या मांगं येऊ नको. तरी मांगं. चिखल, अन् माहे पाय दोन दिस उभे राहून सुजलेले. लवनाजवळ मी घसरली. नाही पडली, घसरली. छातीशी गाठोडं. परत घसरली. त्यानं हात पुढं केले. अन् मी देलं. काहून देलं मले नाही समजलं, आज बी समजत नाही. देलं. मंग आमच्या वस्तीलोग त्यानं आनलं, असं दोन्ही हातावर, मी मोकळी चालली मांगून. पाटलाच्या घरचं मानूस आमच्या वस्तीत पायी आलं ते तवा पह्यल्यांदा. गंगूच्या बापाच्या मांडीवर ठेवलं त्यानं अन् तसाच उभा राह्यला. कोनी बस म्हनलं नाही, कोनी जाय म्हनलं नाही. मातीले बी आला. मंग…

– काय? काय वं गंगू?

कवापासून बसून राह्यली तू? पडून राहा म्हनलं होतं ना. – हो. – हो म्हनलं ना. त्यानंच. त्याच्याच हातावर. – नाही, मी नाही, बापाच्या मांडीवर देलं त्यानं. – तुले नव्हतं सांगाचं मले. कोनीच नाही सांगतलं तुले, मीच मना केलं होतं साऱ्याइले. तुह्या सासरी तू सुखानं राहावं म्हनून. – काय इचारतेस? हो वं बाई. गुंडाळलेलं होतं. चांगलं गुंडाळलेलं होतं. त्यानं तोंडावर ऊन नाही लागू देलं. – आता रडू नको. पोटातल्याले तरास होते. आडवी हो. आडवी हो माही माय.

पाह्यलं? पाह्यलं काय केलं तू? तू भोंगा वाजवला नसता त मी बोल्लीच नसती.

अन् काय सांगत होता मंघाशी, मालकाची नजर कमी झाली म्हनून त्यानं डायवर ठेवला? असं सांगते काय तो! नजरेले काही नाही झालं त्याच्या. मी वाटेनं आली का तो लांबून वळखते अन् वावरात उतरते. सालभर जीप गोठ्यात पडून होती, कोंबड्या बसत होत्या तिच्यात. पायी जाते डांबरीवर, पायी येते, अंधार असो का ऊन. आता बायकोनं हट्ट केला असन, तिच्या बापाच्या दुखन्यापाई, म्हनून जीप टेसनावर धाडून नीट केली अन् तुले ठेवला. तो स्वतः हात नाही लावनार त्या चाकाले. नको लावू दे. लावला त मी हात तोडीन.

तुहं ऐकून घेऊ? काय ऐकू? तुले मालूम नव्हतं, हेच ना? कोनालेच मालूम नसते. ज्याच्या हातात चाक असते त्याले कधीच काही मालूम नसते, अन् मांगं धूळ असते. जाय बस जाग्यावर. पानी पडलं त जीप डांबरीवर ठेवजो, मालकानं आत आन म्हनलं तरी ठेवजो. वस्तीजवळ पायी मानसावानी चाल. बाईच्या डोक्शावर भारा दिसला त थांब, भोंगा न वाजवता थांब. आज तुह्या मालकाले तुह्यावर रागावू दे. गाव रागावन त्यापेक्षा ते बरं.

लांब हाय म्हनतोस डांबरी? उलटं जाले लांब हाय? असू दे लांब. मान वाकडी कर अन् पाहत जाय. त्या खळग्यात डाव्या अंगानं घे, उजवीकडं बांध ढासळला हाय. मी इथंच थांबते तू दिसेनासा होईलोग, मंगच बैल हाकते. इंजन हळूच लाव, गोऱ्हा मी धरला हाय कानाजवळून.

अन् ऐक. जगदेवले सांगजो, गंगूले… का…

नाही. काहीच नको सांगू. तिले दिस गेले हे बी नको सांगू. सातवा हाय, तब्येत बरी हाय, डाक्टरीनबाई म्हने पोर सरळ हाय – यातलं एक अक्षर त्याच्या कानावर गेलं नाही पाहिजे. ते ऐकलं त त्याले झोप लागन. अन् मले नाही लागू द्याची त्याले झोप, समजलं? अजून नाही. माही लागली नाही अजून.

कायले मान हालवतोस? तू सांगशीनच. आज सांजलोग सांगशीन, मले मालूम नाही काय डायवर लोकायचं पोट! पोर सरळ हाय म्हने, हेच पह्यले सांगशीन.

जाय. पाहून राह्यला काय असा? सर मांगं.